पायांचं दूध आणि कडूबाई

तीर्थस्वरूप भिवरामावशीस,
तुझ्या शेवंताचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? लिंबागणेशला तुमच्या बोअरला अजून पाणी आहे असं कळलं, बरं वाटलं. (का बरं वाटलं ते खाली येईलच.) इकडे कड्याला आम्ही सगळे सुखरूप आहोत. आईची तब्येत ठणठणीत आहे, फक्त तिचा जीव माझ्यावरून दुसरीकडे गेला आहे. ते कसं झालं ते लिहिते.

तुला माहीत आहे, मला नगरच्या मोठ्या डेअरीत नोकरी मिळाली आहे. आईनं सोबत यावं म्हणून चार महिने मी तिला समजावते आहे. तिकडे नळाला पाणी येतं, दवाखाना जवळ आहे, आणि गायीची सोय लावता येईल. आई प्रत्येक वेळी एकच म्हणायची, "गुरू केल्याबिगर मी घर सोडनार न्हाई. त्ये सांगतील तसं." आता दुष्काळात गुरांना चारा मिळत नाही, पण गुरू हवे तितके मिळतात. आई गायीला घेऊन चारा छावणीत राहते, आणि छावणीत सप्ताह बसला तेव्हा विश्वतेज महाराज पांढऱ्या गाडीतून आले. आईचं ठरलं, तुळशीची माळ यांच्याच हातून घालायची.

पाद्यपूजा दुधानं झाली. महाराजांचा आग्रह होता, पाणी चालणार नाही. (पाणी टँकरचं आणि मोजकं, ते पायांवर ओतलेलं कुणालाच चाललं नसतं.) सगळे तीर्थ घेऊन घरी गेले, पण परातीत बरंच दूध उरलं. आईला तू ओळखतेस. दुष्काळात दूध मातीत ओतणं तिच्या हातून होईना, आणि तीर्थ असल्यामुळे गायीपुढेही ठेवता येईना. तिनं ते गाळून आपल्या कॅनमध्ये ओतलं आणि नेहमीसारखं दूध सोसायटीच्या केंद्रावर पाठवून दिलं. तिथं दूध तपासायला मी बसते. झाकण उघडलं तर चंदनाचा वास आला आणि गाळणीवर झेंडूची पाकळी आली. मी नळीत थोडं दूध घेऊन उकळलं. ते फाटलं. मी कॅन परत केला.

आई धावत आली. "अगं, म्हाराजांच्या पायाचं हाय त्ये!" मी म्हटलं, म्हणूनच. तासाभरात महाराज स्वतः केंद्रावर हजर. त्यांचं तीर्थ नासत नाही म्हणे. मी सगळ्यांसमोर पुन्हा उकळून दाखवलं. पुन्हा फाटलं. महाराजांनी आधी नळीला दोष दिला, मग माझ्या अश्रद्धेला, आणि मी माफी मागेपर्यंत कीर्तनाला उभं राहणार नाही असं जाहीर केलं. सोसायटीचे चेअरमन भगवानराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, दूध फाटलं तर फाटलं, पर तुमी गाव कावून फाडताय?" मी माफी मागितली नाही. ज्याचा मोठेपणा नळीभर दुधासोबत फाटतो, तो गुरू नव्हे, हे मला तिथंच कळलं. (इथपर्यंत मी स्वतःवर खूष होते.)

तेवढ्यात मागून कुणीतरी मोठ्यानं हसलं. "पाय धुतल्यालं दूध फाटनार न्हाई तर काय पेढे हुतील?" ती कडूबाई. छावणीतली धनगराची म्हातारी, संध्याकाळी गुरांपुढे बसून भजन म्हणते, तंबाखू खाते, शिव्या देते. आईही हसली. त्या दिवसापासून आई तिच्यापाशी. म्हणजे एक गुरू मी घालवला आणि दुसरा मीच आणून दिला.

मी याही नमुन्याची तपासणी करायचं ठरवलं. मुद्दाम तिला नुसतं "कडूबाई" म्हटलं, तर तिनं मला "ए नळीवाले" म्हटलं. तिच्यासमोर दुसऱ्या एका महाराजांची स्तुती केली, तर म्हणाली, "मग तुज्या आयला तिकडं न्ये की. मला दुपारी झोप तरी घावंल." कुणी पायाला हात लावायला वाकलं की पाय आखडते. "गुडघ्याला त्याल लावनार आसशील तर वाक." आणि मावशी, माझी आई लावते तेल! रोज! तिला 'माय' म्हणते. माझ्या डोक्याला तेल लावायला तिला कित्येक दिवस सवड झालेली नाही.

शेवटी आईनं माझ्यादेखत विचारलंच, "माय, पोरीसंगं नगरला जाऊ का?" कडूबाईनं माझ्याकडे पाहिलं. "तू कावून न्येतीस गं हिला?" मी नळाचं पाणी आणि दवाखाना सांगितला. "त्ये न्हाई इचारलं म्या. आय पायजे का सैपाकीन?" मी एक वाक्य बोलले. ते इथे लिहीत नाही. कडूबाई तंबाखू थुंकून आईला म्हणाली, "वत्सले, जा." आई लगेच उठून लुगडी बांधायला लागली. मी चार महिने कारणांसह जे सांगत होते, ते हिनं दोन शब्दांत सांगितलं आणि लागू पडलं.

आता आई छावणीभर सांगत फिरते, गुरूची आज्ञा झाली. आम्ही येत्या एकादशीनंतर निघतो. काकांना नमस्कार.

तुझी
शेवंता

ता. क. गाय तुझ्याकडे पाठवते आहे, नाही म्हणू नकोस. टेम्पोतून कडूबाईच घेऊन येईल, तिची लेक तुमच्याच बाजूला दिली आहे. (ती गाय ठेवून घेईल असा मला संशय होता. तिनं साफ नाही म्हटलं. यातही पास.)

आणखी ता. क. आईनं तिच्याकडे माळ मागितली. ती म्हणाली, "मी कुनाची गुरू न्हाई. माळ पोरीच्या हातनं घाल, तिला नासकं वळखाया येतं." आईनं काल माळ माझ्याकडून घालून घेतली आणि माझ्या डोक्याला तेल लावलं. कडूबाईच्या गुडघ्याला लावून उरलेलं होतं.

शेवटचं. कडूबाई तुझ्याकडे दोन दिवस राहील. माझ्याबद्दल तिचं काय मत आहे ते सहज विचार. मी विचारायला सांगितलं हे कळू देऊ नकोस. तिनं ओळखलंच, तर ती किती हसली तेही कळव.