लिंबोणीचा डिंक

नगर, गुरुवार, सप्टेंबर १९७३

आज कळलं. माझा हात नव्हता, बुरशी होती.

श्रावणी शुक्रवारी सवाष्णी जेवायला बसल्या होत्या. त्या सगळ्यांसमोर माझ्या थोरल्या जाऊ, आक्का, लिंबोणीच्या बुंध्यावर ओघळलेला डिंक दाखवून म्हणाल्या, “हिनं विटाळशी असताना झाडाला हात लावला, म्हनून रडतंय ते.” मी मान खाली घालून वाढत राहिले. का?

आज माझा भाऊ आला होता. शेतकी खात्यात आहे तो. चाकूने साल खरवडली, तर आतून तपकिरी, कुजकी. “ताई, हा डिंक्या हाय. बुंध्याशी सारखं पाणी साचलं की ही बुरशी धरते. मोरीचं पाणी इकडं कोनी वळवलं?”

कोणी? आक्कांनीच, दुष्काळात. अजून कौतुकाने सांगतात.

त्याने पाट केळीकडे फिरवून दिला. मोरचूद आणि चुना देऊन गेला. कुजकी साल काढून त्याचा लेप दे, झाड सुधारेल, म्हणाला. उद्याच दे म्हणाला.

उद्या नाही. सोमवारी माझी पाळी येईल. आक्का दुपारी झोपल्या की तेव्हाच देईन, ह्याच हाताने.

पुढच्या श्रावणात त्याच सवाष्णी येतील. ह्या झाडाचं लिंबू आधी आक्कांच्या वरणभातावर पिळीन. त्यांनी बोटं चाटली की मग सांगेन, लेप कोणत्या दिवशी दिला होता ते.