कुठलंही मशीन, दहा मिनिटांत माझं

३ मार्च, सोमवार
जुना लॅपटॉप आचके देतोय. नवा याच आठवड्यात मिळणार. हीच संधी! कुठली कळ दाबली की काय व्हावं, पडद्याचा रंग कोणता, असल्या माझ्या सवयी ज्यांत लिहिल्यात त्या सगळ्या फायली एका जागी आणायच्या. मग कुठलंही मशीन द्या. एक कमांड, दहा मिनिटं, मशीन माझं.
साहेबांनी ग्राहकाच्या वेबसाइटवरच्या बिलाच्या पानातली चूक दुरुस्त करायला सांगितलीय. आधी घर आवरू, मग पाहुणे.

४ मार्च
निम्म्या फायली कशासाठी आहेत ते आठवत नाही. एकीत मीच लिहून ठेवलंय, हिला हात लावू नये. लावला. इंटरनेट गेलं.
प्रगती आहे.

८ मार्च, शनिवार
नवा लॅपटॉप आला. दिवसभर फायलींची नावं बदलली. बायको म्हणाली, कपाट कधी आवरणार. आवरतोच आहे म्हटलं. तिचं म्हणणं, ज्या माणसाचे दोन मोजे एका जागी नसतात त्यानं एवढ्या फायली एका जागी आणू नयेत.
त्याला दृष्टी असावी लागते.

११ मार्च
साहेबांनी बिलाचं विचारलं. पाया भरतोय म्हटलं. ते म्हणाले, शुक्रवारी ग्राहकाला इमारत दाखवायचीय.
शेजारच्या टेबलावरच्या मॅडमचा लॅपटॉप दुकानातून आला तसाच आहे. कीव येते.

१४ मार्च, शुक्रवार
ग्राहक बाई येऊन बसल्या. साहेबांनी विचारलं, झालं का. त्यांना बिल म्हणायचं होतं, हे मला नंतर कळलं. मी उत्साहानं साहेबांच्याच लॅपटॉपवर कमांड चालवली. नऊ मिनिटं लागली. एक मिनिट वाचलं!
पुढे लॅपटॉपनं साहेबांकडे पासवर्ड मागितला. माझ्या सवयीप्रमाणे कळांच्या जागा बदललेल्या. साहेब एक दाबतात, उमटतं भलतंच. शेवटी टाइप करायला मी बसलो आणि त्यांना पासवर्ड मोठ्यानं सांगावा लागला. तो इथेही लिहीत नाही. लाडाचं नाव होतं. ग्राहक बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.
बिलाचं पान मॅडमनी त्यांच्या लॅपटॉपवर दाखवलं. दुरुस्ती त्यांनीच बुधवारी करून टाकली होती.
बाई गेल्यावर साहेब शांतपणे म्हणाले, "सोमवारपासून तू कुठल्या मशीनवर बसायचं, ते मॅडम ठरवतील."

१७ मार्च, सोमवार
मॅडमनी स्टोअरमधलं एक मशीन दिलं. सेटिंग बदलायला कुलूप. पासवर्ड त्यांच्याकडे. पडदा पांढराफटक. कळा जिथल्या तिथे. दुसरं करण्यासारखं काहीच नसल्यामुळे काम केलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत दोन चुका दुरुस्त. दोन्ही महिनाभर पडून होत्या.
मॅडमनी विचारलं, काही अडचण नाही ना. खूप आहे म्हटलं.
संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तसलं एक कुलूप घरासाठी मिळतं का, विचार."
उद्या मॅडमशी बोलणार आहे. कुलपाचं नाही. पडद्याचा रंग तेवढा बदलू देतील का, ते.