जोह्याच्या डाव्या पायाचा सत्कार

जोहे, तालुका पेण
सोमवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

रोह्याजवळच्या वरशाचे साडूभाऊ केरूशेठ यांस जोह्याच्या महिपतीचा, म्हणजे नात्याने थोरल्या आणि मानाने धाकट्या साडूचा, रामराम.

तुम्ही सगळे खुशाल असालच. नसायला काय झालं? कंपनीची नोकरी, शिफ्ट सुटली की दाराशी बस, घरात फ्रीज आणि फ्रीजवर मोराचं कव्हर (हे मोराचं आमच्या हिने, सरूने, तुमच्याकडून आल्यावर सांगितलं, आणि अजून सांगतेच आहे). शकूला आशीर्वाद सांगा. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? आमच्या घराला एकच पायरी, पण ती त्यांना चढवत नाही, म्हणून त्या दिवाळीपासून तुमच्याकडे आहेत. तुमची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे असं मी ऐकून आहे. असो. गुडघ्यांना जिथे मानवेल तिथे त्यांनी राहावं, माझं काही म्हणणं नाही. हे पत्र त्यासाठी नाहीच, हे पत्र नाथासाठी आहे. सासूबाई ठेवून घेतल्यात तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. पण नाथाला ठेवून घ्यायचा तुम्हाला काही एक अधिकार नाही.

नाथाला तुम्ही बुटातला ओळखता, आम्ही त्याला अनवाणी ओळखतो. धोंडुबाईचा हा एकुलता एक मुलगा शाळा सोडून माझ्या कारखान्यात आला तेव्हा मूर्तींना पांढऱ्या रंगाचा हात मारण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. आज गणपतीच्या डोळ्यांची आखणी त्याच्यासारखी अख्ख्या जोह्यात कुणी करत नाही. त्याने ब्रश टेकवला की गणपती आपल्याकडे बघायला लागतो, आणि आपण काल कुणाला काय थाप मारली ते आपल्याला आठवतं. हे झालं उजव्या हाताचं. डाव्या पायाचं श्रेय मात्र माझ्या भातशेताला आहे. सगळा जिल्हा कबड्डी खेळतो, पण टीव्हीवर वर्ल्डकप बघितल्यापासून आमच्या पोरांच्या डोक्यात फुटबॉल शिरला, आणि भात कापून झाला की माझ्याच शेतात खेळ सुरू व्हायला लागला (मला कुणी विचारलं नाही, पण मंडळाचा अध्यक्ष करून टाकलं, त्यामुळे तक्रार करायची तर माझ्याकडेच करावी लागते). धसकटं पायात घुसू नयेत म्हणून नाथा असा काही नाचत पळतो की समोरच्याला वाटतं हा आता डावीकडे जाणार, आणि नाथा बिचारा फक्त धसकट चुकवत असतो. तुमच्या रोह्याच्या संघाच्या मैदानावर रोलर फिरवलाय, चुन्याच्या रेघा आहेत, गोलाला जाळीसुद्धा आहे म्हणे. आमच्याकडे गोल झाला की बॉल आणायला ओढ्यापर्यंत जावं लागतं आणि तोवर समोरचा संघ गोल झालाच नाही म्हणून भांडत बसतो. जाळीचा मला हेवा वाटत नाही. आपला उल्लेख केला.

तर मागच्या महिन्यात आमच्या कारखान्यातला बाबाजी लग्नाला म्हणून रोह्याशेजारच्या अष्टमी गावी गेला आणि जेवणाची पंगत सोडून बातमी घेऊन परत आला. रोह्याच्या पुलावर त्याने नाथाला तुमच्या मोटारसायकलच्या मागे बसलेला बघितला होता. हातात बुटांचा खोका होता, आणि (बाबाजीच्या म्हणण्याप्रमाणे) डोक्यावरचा भांग उजवीकडून डावीकडे गेला होता. त्या दिवसापासून माझ्या कारखान्यात काम बंद आणि चर्चा सुरू. नाथा जोहे सोडून रोह्याच्या संघात जाणार की नाही? बाबाजी म्हणे, "जानार म्हंजे जानार. भांग बदलला तो गडी कवा थांबलाय?" आमचा गोलकीपर गोविंदा म्हणे, "नाय जानार. त्याचा ब्रश अजून पान्यात भिजत हाय. जानारा मानूस ब्रश धुवून ठेवतो." मग निष्ठा या विषयावर दोघांची भाषणं. बाबाजी हा निष्ठेवर बोलणारा माणूस वर्ल्डकपमध्ये जो देश जिंकत असेल त्याचा असतो, आणि मध्यंतरात बदलतो. गोविंदा आजवर गावातल्या प्रत्येक कबड्डी मंडळात जाऊन भांडून आलाय. आमच्याकडे टिकलाय तो केवळ फुटबॉलचं दुसरं मंडळ गावात नाही म्हणून. मी स्वतः धोंडुबाईला विचारून बघितलं. "माजा पोर कुटं जातोय? जागचा हलायचा नाय," असं ती म्हणाली खरी, पण अंगणात ट्रंक उघडून उन्हात टाकली होती. गोविंदा म्हणाला ढेकूण झाले असतील, बाबाजी म्हणाला हीच ती ट्रंक. खुद्द नाथाला विचारावं असं मात्र कुणी सुचवलं नाही, कारण त्याला विचारलं असतं तर चर्चाच संपली असती. तो आपला कोपऱ्यात माघी गणपतीचे डोळे आखत बसलेला असायचा, आणि तो पाणी प्यायला उठला की आम्ही हवापाण्यावर बोलायचो.

शेवटी नाथाला बांधून ठेवायची युक्ती मला सुचली (युक्ती माझीच, आता गावात सगळे ती दुसऱ्याची म्हणून सांगतात). त्याचा जाहीर सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, हार, फोटो. ज्या गावाने चारचौघांत शाल पांघरली त्या गावाला सोडून जायला कुणाचा पाय उचलेल? बोलायला पेणहून मोरोपंत गुरुजींना आणलं. गुरुजी रिटायर हेडमास्तर, आवाज खणखणीत, आणि शालीच्या कार्यक्रमाला पेण तालुक्यात त्यांच्याशिवाय दुसरा वक्ता नाही. माझं चुकलं ते एवढंच की गुरुजी आजवर ज्या ज्या शालीला बोललेत ती शाल रिटायर होणाऱ्याची होती किंवा बदली झालेल्याची. गुरुजींनी माइक हातात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले की आजचा हा प्रसंग आनंदाचा म्हणावा की दुःखाचा, हेच कळत नाही. मी तिथेच चरकलो. पुढे गुरुजी थांबेचनात. नाथा जिथे जाईल तिथे जोह्याचं नाव काढील, लेकीला सासरी पाठवताना बापाचं जे होतं ते आज जोह्याचं होतंय, आपण त्याला हसत हसत निरोप देऊया. आमच्या लोकांना कुणी माइकवर निरोप म्हटलं की रडू आवरत नाही. बायका रडल्या, गोविंदा रडला, बाबाजी तर "मी म्हनलो नव्हतो?" असं म्हणत रडला. नाथाने शालीचं टोक डोळ्यांना लावलं. अध्यक्ष म्हणून मी उठून काहीतरी बोलायला हवं होतं. पण समोर सगळे इतके छान रडत होते की मलाही हुंदका आला.

आणि निरोप म्हटल्यावर पुढचं सगळं ओघानेच आलं. आपल्याकडे शाल दिलेल्या माणसाला मांडवात सोडून कुणी घरी जात नाही, त्याला फाट्यापर्यंत पोचवतात. बेंजोवाले होतेच. वाजतगाजत सगळा गाव फाट्यावर, नाथा मध्ये, गळ्यात हार, पायात कारखान्यातली रंगाची स्लीपर. मी मनात म्हणत होतो की फाट्यावरून परत फिरू, हसण्यावारी नेऊ. तेवढ्यात पेणची एसटी आली. हार आणि बेंजो बघून कंडक्टरने आपण होऊन बस थांबवली, खाली उतरून नाथाला नमस्कार केला आणि पुढची सीट रिकामी करून दिली. आता एवढ्या मानाने थांबवलेल्या बसला नको कसं म्हणायचं? कुणीतरी नाथाला वर चढवला, कुणीतरी नारळ खिडकीतून दिला, बाबाजीने दार लावलं. नाथा खिडकीतून आमच्याकडे बघत होता आणि आम्ही हात हलवत होतो. बस दिसेनाशी झाल्यावर धोंडुबाई शेतावरून धावत आली. "मेल्यांनो, माज्या पोराला कुटं घालवलात?" एवढंच तिने विचारलं, आणि केरूशेठ, सगळ्यांत आधी बेंजोवाले पांगले. गुरुजींना मी नंतर जाब विचारला, तर ते म्हणाले, "अहो महिपतराव, जो राहणार आहे त्याला शाल कोण देतं?"

पेण स्टँडवर उतरून त्या पोराने करायचं काय? गावाने घालवलेला, परत कुठल्या तोंडाने येणार? तो सरळ रोह्याच्या गाडीत बसला आणि तुमच्या दारात उभा राहिला. इथे थोरल्या साडूची आठवण ठेवून तुम्ही त्याला परतीच्या गाडीत बसवायला हवं होतं. तुम्ही त्याला सुरमई वाढलीत. हे शकूने दुकानातल्या फोनवर सरूला सांगितलं आणि सरूने मला, सुरमईच्या तुकड्याचा आकार हाताने दाखवून. पंख्याखाली झोपतो, सकाळी रोलरवाल्या मैदानावर बूट घालून पळतो. आणि सासूबाई म्हणे त्याला स्वतः उठून वाढतात, "किती गुनाचा गो पोर" म्हणतात. मी या घरचा थोरला जावई. लग्नापासून आजपर्यंत माझ्या ताटात माशाचा दुसरा तुकडा त्यांनी आग्रहाने कधी टाकलेला नाही. मला हेवा वाटतो, स्पष्ट लिहितो. फ्रीजचा वाटतो, दुसऱ्या मजल्याचा वाटतो, आणि वर म्हटलं ते खोटं होतं, जाळीचा तर फार वाटतो. पण ते सगळं तुम्ही ठेवा. येत्या रविवारी फायनल आहे, रोहे विरुद्ध जोहे, आणि नाथा तुमच्या बाजूने माझ्या शेताने शिकवलेला पाय घेऊन उतरला तर मला ते बघवणार नाही. कारखान्यात डोळ्यांवाचूनचे गणपती रांगेने बसलेत. त्यातला एकही माझ्याकडे बघत नाही आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही. तेव्हा नाथाला ताबडतोब पाठवून द्या. नाही पाठवलात तर आपलं साडूपण बायकांपुरतं राहील.

घरातल्या सगळ्यांना यथायोग्य सांगावं. फ्रीजलाही नमस्कार.

तुमचा (अजून तरी)
महिपती

ता. क. पाकीट चिकटवायला भाताची शितं शोधत होतो तेवढ्यात संध्याकाळच्या एसटीने नाथा आला. शाल घडी घालून खुंटीला अडकवली, भिजत पडलेला ब्रश झटकला आणि एका गणपतीपुढे बसला. मी रंग ढवळत राहिलो. पहिला डोळा पुरा झाल्यावर तो मान वर न करता म्हणाला, "दादा, सगला गाव घालवाया आला. कोनी थांब म्हनला नाय." केरूशेठ, थांब म्हणायला हीच वेळ होती. मी म्हणालो, "चहा घे." तेव्हा वरचं पत्र वाचू नका. एवढं लिहिलंय म्हणून फाडवत नाही, एवढंच.

ता. क. २. खरं काम आता लिहितो. नाथा आला खरा, पण रविवारी खेळायचं नाही म्हणतो. तुमच्याविरुद्ध तर नाहीच. तुमच्या घरचं जेवला, तुमचे बूट घातले, आणि आईच्या प्रकृतीचं खोटं सांगून निघून आला याचं त्याला फार लागलंय. त्याचं म्हणणं असं की जोह्याने रीतसर निरोप दिला म्हणून तो रोह्याचा झाला; आता रोह्याने रीतसर निरोप दिल्याशिवाय तो जोह्याचा कसा होणार? (बाबाजी आणि गोविंदा दोघेही म्हणतात, आमचंच खरं झालं.) तेव्हा कृपा करून गुरुवारी तुमचा संघ घेऊन इकडे या आणि त्याचा सत्कार करून त्याला मोकळा करा. मोरोपंत गुरुजी रिकामे आहेत. भाषण तेच, गावाचं नाव तेवढं बदलून घेतील. बस आली तर या खेपेला दारात मी उभा राहणार आहे. जे म्हणायचं राहिलं ते तिथे मोठ्याने म्हणेन.

ता. क. ३. सासूबाईंना आणा. पायरीला मी फळी टाकून घेतोय. मात्र शाल आणाल ती आमच्या शालीपेक्षा भारी आणू नका, आणि निरोपाला तुमच्यातल्या कुणीही रडू नका. सासूबाईंना तर नीट बजावून ठेवा. त्या रडल्या की हा पोरगा पुन्हा तुमच्याच गाडीत जाऊन बसेल, आणि मग मलाही त्याच्या शेजारी बसावं लागेल.