ओढ्यापलीकडे सोडून या

थॉर्नकोट, २ नोव्हेंबर १५९७

चि. अँब्रोज यास,

अर्सुलाताईचे अ. उ. आ. वि. वि. मी सांगते आहे आणि आमचे पाद्रीबाबा लिहिताहेत, तेव्हा अक्षर सुरेख दिसलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. तुझी बहीण आहे तशीच अडाणी आहे. ज्यांच्या घरची चूल सांभाळते, त्यांनाच महिन्यातून एकदा कारकून करते.

बातमी चांगली नाही. मायकेलमसच्या सणाला, सप्टेंबरअखेर, माझ्या सिसलीच्या गावच्या जमीनदारानं नऊ घरं पाडली, सगळ्यांच्या सामायिक कुरणाला कुंपण घातलं आणि आत मेंढ्या सोडल्या. लोकरीला भाव आहे, माणसाला नाही. त्या नऊ घरांत आपल्या सिसलीचंही घर गेलं. जावई हम्फ्री काम शोधायला निघाला, तो वाटेतच सैन्यभरतीवाल्यांच्या हाती लागला. त्याला आयर्लंडच्या लढाईवर नेलं म्हणतात. पोरीला आठवा महिना आहे.

तू म्हणशील, तिची आई बसलीये ना? अरे, मी ठेवू कुठे? मी स्वतःच परक्याच्या घरात. आमच्या गावकीनं घरोघर बजावलंय, बाहेरचं माणूस ठेवाल तर दंड. चार दिवस माळ्यावर लपवली, तर शेजारणीनं चहाडी केली. लग्न होऊन शेजारच्या गावी गेली म्हणून माझी पोटची पोर बाहेरची! जळलं मेलं त्यांचं तोंड.

म्हणून तिला तुझ्याकडे धाडते आहे. तुझं घर स्वतःचं आहे आणि तुझी ब्लँच मायाळू आहे. परवा निघेल. वाटेत कुणी भटकी समजून चाबकाखाली घेऊ नये म्हणून पाद्रीबाबांनी मोहोर लावून दाखला दिलाय, त्यात तुझं नाव आहे. हे पत्र खेपवाल्याबरोबर तिच्या आधी पोचेलच. तू तिला सहा वर्षांची पाहिलीस, आता ओळखायचा नाहीस. तिचं बाळंतपण छपराखाली व्हावं, एवढंच मागते. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही.

माया आहे, तीत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी ताई

---

मार्लब्रूक, १२ नोव्हेंबर १५९७

ती. अर्सुलाताईस,

अँब्रोजचा सा. न. वि. वि. महिना होऊन गेला, तुझं पत्र नाही. खेपवाला पुरामुळे नदीपलीकडे अडकलाय म्हणे. उद्या एक लोकरवाला वरच्या पुलावरून तिकडे येतोय, त्याच्याजवळ हे देतो.

ताई, तुझा भाऊ मोठा माणूस झाला! गावकीनं मला यंदा गरिबांचा कारभारी नेमलंय. हसू नकोस. हातमोजे शिवणाऱ्याला हे कुठलं जमायला, असंच तुझ्या मनात आलं असणार. काम मात्र जिवावरचं आहे. सलग चौथ्या वर्षी पीक पावसानं कुजलं. लोक वाटाण्याच्या पिठाचा पाव खाताहेत, आणि रोज दारात नवी तोंडं. आई सांगायची ना, मठ होता तेव्हा त्याच्या दारात कुणालाही पाव मिळायचा. त्या मठाच्या दगडांचा आता जमीनदाराचा तबेला झालाय आणि गरिबांचं ओझं आमच्या डोक्यावर आलंय. आपल्या गावचे म्हातारे, आपल्या विधवा यांना मी उपाशी ठेवत नाही, शपथ! पण बाहेरच्यांना कुठवर पुरे पडणार?

कालची गंमत सांगतो. मार्टिनमसची गावकीची पंगत रंगात आली होती, तोच चर्चचा शिपाई धावत आला. चर्चच्या ओसरीत एक पोटुशी बाई बसलीये, तिला कळा येताहेत, आणि ती म्हणे माझी भाची! काय हशा पिकला! गेल्या महिन्यात एक भिकारी बिशपचा आतेभाऊ निघाला होता. शिपायानं कसलासा दाखलाही आणला होता. माझे हात बदकाच्या चरबीनं माखलेले, उघडतो कोण? आणि दोन पेनी टाकल्या की जत्रेत हवा तसा दाखला मिळतो. मूल इथे जन्मलं की ते इथलं, मग मोठं होईतो आमच्या गळ्यात. मी सांगितलं, ढकलगाडीवर घाला आणि ओढ्यापलीकडे अपर डीनच्या हद्दीत सोडून या. ब्लँच म्हणाली, स्वतः जाऊन एकदा बघा तरी. पण बाहेर गारा पडत होत्या. नाही गेलो.

तुला वाटेल भाऊ दगड झाला. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण नियम आहे आणि तो सगळ्यांना सारखाच.

सिसलीच्या घरी पाळणा हलला का? कळव. थोरल्या बहिणीचा लोभ आहेच, तो कमी होऊ नये.

तुझा अँब्रोज

---

मार्लब्रूक, २२ नोव्हेंबर १५९७

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र पंधरा तारखेला आलं. वाचलं आणि तसाच शिपायाच्या घरी धावलो. दाखला त्याच्या कोटाच्या खिशात पडला होता, मोहोरसुद्धा मोडलेली नव्हती. उघडला. त्यात माझं नाव.

घोडं काढून अपर डीनला गेलो. तिथला कारभारी म्हणाला, आम्ही तासभरही ठेवली नाही, गिरणीच्या वाटेनं फेल्टनच्या हद्दीत पोचवली. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. त्यानं थंडपणे विचारलं, मग तुम्ही आमच्याकडे का पाठवलीत? मी घोडं फेल्टनकडे वळवलं. फेल्टनच्या लोकांना ती कण्हण्याचं सोंग करते असं वाटलं. त्यांनी चाबूक दाखवून पुढे हाकलली. त्यापुढच्या वाडीत एका विधवेनं दंडाची पर्वा न करता तिला गोठ्यात घेतलं, तिथे ती बाळंत झाली. ताई, सिसली दुसऱ्या दिवशी गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. मामा घरी नव्हता का, असं त्या विधवेला पुन्हापुन्हा विचारत होती.

तिला तिथल्याच चर्चच्या आवारात पुरलंय. मुलगी जगली. माझ्या झग्यात गुंडाळून आणली, ब्लँचनं दूधआई लावली. आमच्या गावकीनं मूल कुणाचं म्हणून विचारलं, तेव्हा मी माझं म्हणून सांगितलं आणि तिचा भार गावावर पडणार नाही म्हणून जामीन राहिलो.

तुझ्या मांडीवर आणून ठेवू का तिला? म्हणशील ते करीन. ताई, मला क्षमा कर. लोभ ठेव म्हणायचं तोंड मला उरलेलं नाही.

अँब्रोज

---

थॉर्नकोट, २८ नोव्हेंबर १५९७

चि. अँब्रोज यास,

अ. आ. हे आशीर्वाद पाद्रीबाबांनी आपल्या मनानं लिहिलेत.

तुझं आधीचं पत्र आलं तेव्हा मी चुलीपुढे लोकर पिंजत बसले होते आणि पाद्रीबाबा मोठ्यानं वाचत होते. पंगतीपाशी आले आणि थांबले. मी म्हटलं, वाचा. त्या दिवसापासून मला ठाऊक होतं. तुला काही कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर खरं झालं असतं. नऊ दिवस मी देवापुढे गुडघे टेकून एकच मागत होते, ती बाई दुसऱ्या कुणाची तरी मुलगी निघू दे. दुसऱ्या कुणाची तरी! अशी मी, तुला काय बोलणार?

मुलीला इकडे आणू नकोस. इथे तीही बाहेरचीच ठरेल, आणि तान्हं मूल माळ्यावर लपत नाही. तेव्हा ज्यानं आईला हाकललं, त्याच्याच घरी लेकीनं वाढायचं. माझ्यानं सोसवत नाही रे हे. पण दुसरं छप्पर मी आणू कुठून?

नाव सिसलीच ठेव. मोठी झाली की आईचं विचारेल. तेव्हा तापानं गेली असं सांगू नकोस. ब्लँचला पुढे करू नकोस. तू सांग, पंगतीसकट सांग.

क्षमा मागितलीस. ती माझ्याजवळ नाही. पाद्रीबाबा म्हणताहेत, असं लिहू नये. मी म्हणते, लिहा.

पोरीला दूध पुरतंय का, तेवढं दर खेपेला कळवत जा.

अर्सुला