बागेच्या जागेवरचा सत्कार

ती. बाबांना दीपमालाचा जयभीम.

मी पुण्यात बरी हाय, जेवण वेळेवर होतंय. फोनवर तुमी माझं ऐकून घेत न्हाई, म्हणून लिहिते.

यशराज नगरसेवकानं तुमचा सत्कार केल्याचा फोटो बघितला. शाल, श्रीफळ, फेटा. आपल्या गल्लीमागं बागेसाठी राखलेल्या जागेवर त्याला मंगल कार्यालय बांधायचंय आणि हरकत घेणारे तुमी एकटेच. मग तुमी एका दिवसात 'ज्येष्ठ समाजसेवक' झालात, ह्यात नवल काय? ह्या लोकांची अक्कल एवढीच. माणूस आडवा आला की त्याला शाल घालायची. आणि आपली माणसं तेवढ्यावर गार होतात.

बागेत फिरतंय कोण, असं तो भाषणात म्हणाला म्हणं. आई फिरती की त्या जागेत रोज. तिच्या गुडघ्यासाठी डॉक्टरनंच सांगितलंय. आता काय रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमधनं फिरायचं तिनं?

फोटोत तुमची खुर्ची मांडलेली दिसती, तिथं आईनं लावलेला कडुलिंब होता. तो तोडलेला तुमाला दिसला न्हाई, का फेटा डोळ्यांवर आला होता?

सोमवारी हरकतीची सुनावणी हाय. जाताना आईला संगं न्या. तिला अजून कुणी शाल घातलेली न्हाई.

तुमचीच,
दीपमाला