सात खडे आणि दहीभात

माय, आज सकाळी माझ्या नव्या सुनेनं वावरात सीतादही केलं. कापसाच्या पऱ्हाटीच्या बुडाशी सात खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, दहीभात ठेवला आणि मगच पहिलं बोंड वेचून ओटीत घेतलं. मी धुऱ्यावर उभा होतो. आता मी कामाचा ना धामाचा, पण या एका दिवशी मला वावरात जावंच लागतं आणि गेलो की दोन दिवस जेवण गोड लागत नाही. घरच्यांना वाटतं, ऊन लागलं. तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. तूच मला पाटलाच्या ओसरीवर पंतोजींपुढे बसवलं होतंस, "दोन अक्षरं आले तं कोनी फसवनार नाई तुले" म्हणून. ती अक्षरं आज तुझ्यासाठी पहिल्यांदा कामी आणतो आहे.

तुझा एक फटका मला अजून आठवतो. मिसरूड फुटलेला घोडा होतो मी तेव्हा. वेचणीचा दिवस, बाया ओळीनं उभ्या, तू खडे शोधत होतीस आणि मी मर्दुमकी दाखवायला टपोरं बोंड तोडलं. तू वळलीस ती थेट माझ्या हातावर. "कावून घाई करून राहिला रे? आधी तिचं, मंग आपलं. जमीन का तुह्या बापाची चाकर हाय?" सगळ्या बाया हसल्या. तूही हसलीस, पण तोडलेलं बोंड माझ्याकडून खड्यांपुढे ठेवून घेतलंस आणि मातीला हात लावून माफी मागायला लावलीस.

मग देवीच्या साथीत माझी धाकटी बहीण गेली. तू रडली नाहीस, तिथंच आम्हांला कळायला हवं होतं. तू तिचं ताट वाढत राहिलीस. दारात बसून तिच्या नसलेल्या केसांना तेल लावत राहिलीस. दोनदा तुला विहिरीच्या काठावरून ओढून आणलं. तुझी सून तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती, ती भ्यायली, आणि तिचं भिणं काही खोटं नव्हतं. पण सगळं तिच्यावर ढकलणं हे माझं जुनं खोटं आहे. त्याच सालात सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई लागली आणि आमच्या कापसाला कोणी ऐकला नाही असा भाव आला. अकोल्याचे दलाल गावात यायला लागले. शेजाऱ्यानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. आमच्याही दारात दलाल बसत आणि त्यांच्यासमोर तू हवेशी बोलत बसायचीस. मला लाज वाटत होती, माय. कोणी तरी सांगितलं, अमरावतीला एका कापसाच्या व्यापाऱ्यानं धर्म म्हणून वेड्यांसाठी घर उघडलं आहे, तिथं चांगलं सांभाळतात. मी गाडी जुंपली.

आणि खरंच चांगलं सांभाळत होते. मोठं अंगण, कडुनिंब, गोड पाण्याची विहीर. तिथली खाला तुला आठवत असेल, पांढऱ्या ओढणीची, बायकांकडे बघायला ठेवलेली. ती कोणाला बांधत नसे. कोणी उठून पळालं तर तीही मागं चालायची, दमेपर्यंत, आणि मग दोघी मिळून परत यायच्या. तिनं तुझे केस विंचरले, तुझं नाव विचारून घेतलं. मला म्हणाली, "इसको रोज कुछ काम देंगे, रोज नाम से बुलाएँगे. आ जाएगी वापस." निघताना तू गाडीच्या चाकाला धरून उभी राहिलीस. "कवा येशील?" मी म्हणालो, "सीतादहीले येतो न माय न्यायले. तुह्याशिवाय कोन करीन?" हे तू ऐकलंस आणि चाक सोडलंस.

त्या साली सीतादही तुझ्या सुनेनंच उरकलं. मी आलो तो वेचणी निम्मी झाल्यावर, कापसाच्या गाड्या घेऊन. तू गाठोडं बांधून ओट्यावर बसलेली. रोज सकाळी बांधून बसते, असं खाला म्हणाली. "ले जा बेटा. तीन महीने हुए, बच्ची से बात नहीं की. रोटी बनाती है, दूसरियों को खिलाती है. अब तेरी माँ ठीक है." मी काय काय नाही सांगितलं! घरात मजूर आहेत, पोर लहान आहे, अजून अर्धं वावर उभं आहे. पुढच्या सीतादहीला नक्की. तू भांडली नाहीस. गाठोड्याची गाठ सोडलीस आणि म्हणालीस, "बरं. कापूस घरी येऊ दे आधी." मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या साली भाव आणखी चढला. घाई इतकी की त्या वर्षी आमच्या वावरात सीतादही झालंच नाही, बाया अंधारातच ओळीला लावल्या. मी पुन्हा गाड्या घेऊन अमरावतीला आलो आणि त्या घराच्या फाटकात थांबलो. मला वाटलं, चुकून दुसरीकडे आलो. अंगणभर कापसाचे बोरे, ओसरीत बोरे, खोल्यांतही बोरे. व्यापाऱ्याला गोदाम कमी पडलं होतं आणि धर्माला थोडं सरकून बसायला सांगितलं होतं. सगळी माणसं मागच्या एका खोलीत कोंबलेली. सांभाळणारे दुप्पट मजुरीला रुईच्या गाठी बांधायला गेले होते आणि खालाला तिचा लेक अचलपूरला घेऊन गेला होता. उरला होता एक मुकादम, उत्तरेकडचा, एकटा. आंघोळ नाही, वाढलेले केस भादरून टाकलेले, एक वेळचं पातळ जेवण, आणि त्या खोलीचा वास. आमचे बैल त्याहून स्वच्छ जागी बांधलेले होते. तू ओसरीच्या खांबाला होतीस. पायात साखळी.

मुकादम वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. म्हणाला, "बुढ़िया अच्छी थी, फिर बिगड़ गई. अपने हिस्से का दही-चावल मिट्टी में डालती है, पत्थर जमा करती है, उनसे बोलती है. बोरों में चूहे आ गए. सेठ ने कहा, बाँध दो." मी काही बोललो नाही. तू मला ओळखलंस. तुझी नजर अगदी निवळ होती, पावसाळ्यानंतरच्या विहिरीसारखी. "पाह्य रे," तू म्हणालीस, "एवढा कापूस, अन् कोनी काईच केलं नवतं. तसाच आनून टाकला. म्या केलं." मग विचारलंस, "घरी कोनं केलं यंदा?" मी म्हणालो, "नाई झालं, माय." तू मान हलवलीस. "मंग बरं झालं म्या केलं." आणि पदराच्या गाठीतून चिमूटभर कापूस काढून माझ्या हातावर ठेवलास. "देवापाशी ठेवजो."

उन्हाळ्यात पटकी आली. एका गाडीवानानं निरोप आणला, तोवर तुला जाऊन आठ दिवस झाले होते. आग कोणी दिली ते मला आजही ठाऊक नाही. तिकडची लढाई संपली, भाव पडला, शेजाऱ्याच्या बैलांची शिंगं पुन्हा साधी झाली. तेव्हापासून आमच्या वावरात एकही सीतादही चुकलं नाही. बैल गेला नि झोपा केला. गाव म्हणतं, मी फार पाळणारा माणूस आहे.

कापूस देव्हाऱ्यात आहे. पिवळा पडला आहे, कोणाला हात लावू देत नाही. हा कागदही त्याच्याचखाली ठेवीन. दुसरा पत्ता माझ्याकडे नाही आणि असता तरी धाडला नसता, कारण वर एक गोष्ट मी चुकीची लिहिली आहे.

मी काही बोललो नाही, असं लिहिलं. बोललो होतो. मुकादमानं मला सरळ विचारलं होतं, "भाऊ, तुम्हारे इधर ऐसा कोई रिवाज है क्या? हो तो बोलो, मैं सेठ को समझाता हूँ, अभी जंजीर खोलता हूँ." हो म्हटलं असतं तर तू शहाणी ठरली असतीस. मग तुला त्याच गाडीत घालून घरी न्यावं लागलं असतं आणि गाड्या कापसानं भरलेल्या होत्या. मी म्हणालो, "नाई. आमच्यात असं काई नसते."

तू दोन हातांच्या अंतरावर बसली होतीस. तू ऐकलंस. कापूस तू मला त्याच्यानंतर दिलास.