अकरा गाणी जाळायची नाहीत

मी, मार्गरिट झीगलर, वय चौऱ्याहत्तर, राहणार नदीकाठचा कारवानतळ, कोलमार, हे मृत्युपत्र नोटरीसाहेबांना तोंडी सांगून लिहून घेत आहे. डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, पण मृत्युपत्राला ती लागत नाहीत असं साहेब म्हणाले. हे करण्यासाठी माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आहे तो न करण्याचा, आणि त्याला मी भीक घालत नाही.

१. आम्हा मानुश या भटक्या लोकांत माणूस गेलं की त्याची कारवान, म्हणजे चाकांवरचं घर, कपडे, वाद्य सगळं जाळतात. त्याची गाणीही घरचे पुन्हा गात नाहीत. रीत माझीही आहे. माझी कारवान, गादी, सोनेरी काठाचे कप खुशाल जाळा.

२. वेत सोलायची सुरी मात्र आजच धाकट्या जावेला, रोझाला, दिली. तिच्या टोपलीतून बटाटे गळतात. सुरीनं सुधारली तर सुधारली.

३. माझ्या नवऱ्यानं आणि मी मिळून अकरा गाणी रचली. एक गिटार, एक गळा, बस्स. ढोल नाही, ठेका त्याच्या उजव्या हाताचा. कागदावर एक अक्षर नाही. तो गेला तेव्हा माझे दीर लुलू यांनी त्याची गिटार माझ्यादेखत जाळली. मी अडवलं नाही, आणि पुढं एकोणीस वर्षं गायलेही नाही. हे मला आजही सलतं. साहेब म्हणाले, "बाई, हे मृत्युपत्रात कशाला?" मी म्हटलं, "लिहा. मिळकत माझी आहे."

४. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मुदत सांगितली. त्याच दुपारी नात मिरेलाला समोर बसवलं. खोकत, गुणगुणत महिन्याभरात अकराही गाणी तिच्या गळ्यात उतरवली. तळावर बोभाटा झाला. लुलूभाऊजींनी माझ्या दारची कॉफी सोडली. "वहिनी, मेलेल्याला झोपू दे की!"

"तो झोपलाय, भाऊजी. मी जागी आहे ना!"

५. द्राक्षतोडणीच्या मजुरीतून घेतलेली गिटार पहिल्या दिवसापासून मिरेलाच्या नावावर आहे. पावती साहेबांकडे आहे. ती मेलेल्याची वस्तू नव्हे. तिला काडी लावणाऱ्याचा हात कायदा धरील, आणि कायदा झोपला तर मी येऊन धरीन.

६. शब्द आणि चाल मिरेलाकडे आहेत. गिटारचा भाग मात्र आता एकट्या भाऊजींच्या बोटांत आहे. भावासमोर बसून, नुसतं बघून शिकलेला. तेही गिटार जाळल्यापासून वाजवत नाहीत. ते गेले की जोडीतलं अर्धं गाणं गेलं, आणि एका चाकावर गाडी चालत नाही. सबब, माझ्या दफनाच्या वेळी भाऊजींनी वाजवावं, मिरेलानं गावं, आणि नंतर त्यांनी तिला सगळं शिकवावं. हे करणार नसतील तर माझ्या कबरीवर त्यांचं फूलही नको.

७. नात्यातल्या माणसाची साक्ष चालत नाही, असं साहेब सांगतात. भाऊजींची खूण कायद्याला नको असेल, मला हवी आहे. म्हणून त्यांना बोलावलं. टोपी हातात घेऊन, दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मी नाही करायचो खूण. मयताला वाजवणार नाही मी."

"मग गाणी मरू द्या!"

"ओरडू नकोस, खोकला येईल. एका भावाची गिटार जाळली तेव्हापासून हात आखडलाय माझा. आता तू पेटीत पडणार आणि मी बाहेर वाजवायचं? वाजवीन तर तू गाताना. पोरगी बघून शिकेल, मी शिकलो तशी. ए मिरेला, गिटार दे इकडं!"

"भाऊजी, मला दम पुरत नाही हो."

"मग ठेका सावकाश धरतो."

सबब कलम सहा रद्द. बाकी मजकूर कायम.

साक्षीदार: ओडिल श्मिट, बेकरीवाली. रने कोल्ब, गवंडी.

लुलू झीगलर: फुलीची खूण. घाईत, गिटार मांडीवर ठेवून केलेली.

मार्गरिट झीगलर: सही वाकडी आली आहे. पहिलं गाणं सुरू झालं आहे आणि माझी ओळ आली आहे.

कोलमार, १४ सप्टेंबर २००४, सकाळी साडेदहा.